फ्लायव्हीलची खूण दोनदा येते

डिझेल इंजिनाची सायकल आपण फळ्यावर शिकतो, पी-व्ही आकृती काढतो आणि आठ मार्कांचं उत्तर लिहून मोकळे होतो. पण नुकतंच बांधलेलं इंजिन सेल्फ मारून चालूच होत नाही, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे त्या उत्तरात नसतं. सुट्टीत हायवेवरच्या एका गॅरेजात मी महिनाभर काम शिकलो. तिथे आलेल्या एका ट्रकच्या निमित्ताने ही पद्धत इथे मांडतो आहे.

गाडी जुनी, सहा सिलिंडरची, इनलाइन पंपाची. दुसरीकडे फुल इंजिन काम झालेलं: लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. तरी चालू होईना म्हणून मालक टोचन लावून आमच्याकडे घेऊन आले. पुढचा हप्ता आठवड्यावर होता आणि भाडं हातचं जात होतं. आधीच्या लोकांनी नोझल बदलले होते, फीड पंप बदलला होता, आता इंजेक्शन पंप बदला असं सुचवलं होतं. आमचे मिस्त्री म्हणाले, "पार्ट नंतर बदलू. आधी इंजिन काय म्हणतंय ते ऐकू."

आधी धूर बघा

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेलच जात नाही. लाइनमध्ये हवा आहे, स्टॉप केबल ओढलेली राहिली आहे किंवा फीड पंप काम करत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण जळत नाही. मग फीड पंपाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आमच्या गाडीचा धूर पांढराच होता, म्हणजे बदललेला फीड पंप फुकट गेला होता.

डिझेल का जळत नाही?

इथे थर्मोडायनामिक्स कामाला येतं. कॉम्प्रेशन रेशो १७ आणि आत येणारी हवा २७ अंशांची धरा. सूत्रात घातांक १.४ घेतला तर हवा सुमारे ६६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पण खऱ्या इंजिनात उष्णता भिंतींत जाते, थोडी हवा रिंगांजवळून निसटते. घातांक १.३ धरला तर तापमान ४३० च्या आसपास येतं आणि १.२ धरला तर जेमतेम २५५. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांच्या पुढे आपोआप पेट घेतं, पण सेकंदाच्या अगदी लहान भागात पेटायला हवा त्याहून बरीच गरम लागते. इंजिन जितकं हळू फिरेल, तितका उष्णतेला आणि हवेला निसटायला वेळ मिळतो. म्हणून नवं, घट्ट इंजिन आणि अर्धवट चार्ज बॅटऱ्या ही वाईट जोडी.

त्यामुळे दुसरी तपासणी सेल्फची. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना व्होल्टेज १९ च्या खाली जाऊ नये. इथे ते ठीक होतं. तिसरी तपासणी कॉम्प्रेशनची. नोझल काढून त्या जागी गेज लावलं. सहाही सिलिंडर २४ ते २६ बारच्या दरम्यान. रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गास्केट सगळे सुटले.

डिझेल आहे, वेग आहे, कॉम्प्रेशन आहे. उरलं काय? टायमिंग.

एक टीडीसी की दोन?

पंप बसवणाऱ्याने फ्लायव्हीलची खूण जुळवली होती, पंपाच्या कपलिंगचीही. दोन्ही खुणा बरोबर दिसत होत्या. मिस्त्रींनी मला विचारलं, "इंजिनिअरसाहेब, एका सायकलमध्ये पिस्टन वर किती वेळा येतो?" दोनदा, मी म्हणालो. "मग खूण कुठल्या वेळची?"

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक. फ्लायव्हीलची खूण कॉम्प्रेशनच्या शेवटीही येते आणि एक्झॉस्टच्या शेवटीही. ती स्वतः काहीच सांगत नाही. सांगतात ते व्हॉल्व्ह. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पहिला आणि सहावा पिस्टन एकत्र वर येतात. एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो.

आम्ही टॅपेट कव्हर काढलं, फ्लायव्हील हाताने फिरवून खूण जुळवली. पंप पहिल्या सिलिंडरला डिझेल द्यायच्या बेतात होता. पण पहिल्याचेच रॉकर हलत होते आणि सहाव्याचे सैल होते! म्हणजे कॉम्प्रेशनवर सहावा होता आणि पंप पहिल्याला डिझेल देत होता. कपलिंग उलट्या बाजूने, अर्धा फेरा चुकून बसलं होतं. डिझेल उघड्या व्हॉल्व्हमधून सरळ सायलेन्सरमध्ये जात होतं.

कपलिंग सोडलं, पंप न हलवता इंजिन पूर्ण एक फेरा फिरवलं, पुन्हा जोडून टायमिंग तपासलं आणि लाइनमधली हवा काढली. एकही नवा पार्ट लागला नाही.

चालू करण्याआधी मिस्त्रींनी ऑइल बदलायला लावलं. न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. त्यावर नवी बेअरिंगं चालवायची नाहीत. दुसऱ्याच सेल्फला इंजिन धरलं. पहिलं मिनिट सगळ्यांचे डोळे ऑइल प्रेशरच्या काट्यावर होते.

हे टाळा

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. ईथरचा फवारा किंवा एअर क्लीनरपाशी पेटती चिंधी हा उपाय नव्हे. ईथर वेळेआधी भडकून नवे पिस्टन फोडू शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

भारतात एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं. कॉमन रेलच्या इंजिनात इंजेक्शनची वेळ कॉम्प्युटर ठरवतो. पण त्यालाही 'कुठला टीडीसी?' हे विचारावंच लागतं, म्हणून क्रँक सेन्सरच्या जोडीला कॅम सेन्सर असतो. व्हायव्हाला कोणी विचारलं की दोन सेन्सर कशाला, तर हे उत्तर द्या. आणि कधी गॅरेजात उभे राहिलात, तर बिलात नवा पार्ट लिहिण्याआधी टॅपेट कव्हर उघडून बघा. त्याला एक पाना आणि दहा मिनिटं लागतात.