आधी मोज, मग मांड

भाचेराव, आयटीआयचा कागद हातात आला. आता एमआयडीसीतून आणि मेहरूणच्या घराघरांतून तुला बोलावणी येतील. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, हे तुला तोंडपाठ आहे. ते सगळ्यांनाच असतं. मामा म्हणून माझं सांगणं एवढंच, की या गणितात पुस्तकातले २३० घालू नकोस. त्या जागी, त्या वेळी मीटर जो आकडा दाखवेल तोच घाल.

हजार वॅटची शेगडी घे. २३० व्होल्टवर ती ४.३५ अँपिअर घेते, म्हणजे कॉइल झाली साधारण ५३ ओहमची. हे ओहम फारसे हलत नाहीत. आता मे महिन्यातली जळगावची दुपार, अख्ख्या गल्लीचे कूलर आणि एसी एकाच डीपीवर, आणि प्लगमध्ये मिळतात १८० व्होल्ट. १८० चा वर्ग ३२,४००, त्याला ५३ ने भाग. ६११ वॅट. व्होल्टेज पाव हिश्शानेही उतरलं नाही, पण शेगडीची धग चाळीस टक्क्यांनी गेली. घरची माउली म्हणणार, कॉइल बदला. बदलू नकोस. आधी तिला मीटरवरचा आकडा दाखव.

मोटरचं मात्र उलट असतं, आणि आपल्या खान्देशात तुझं निम्मं काम मोटरचंच निघेल. व्होल्टेज पडलं की शेगडी कमी करंट घेते, पण चालता पंप जास्त खेचतो, कारण पाणी तेवढंच उपसायचं असतं. थ्री फेजला एका हॉर्सपॉवरला दीड अँपिअर, हा आपल्या धंद्यातला ठोकताळा डोक्यात ठेव. पाचची मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास हवी. टोंग टेस्टर एकेका फेजवर लाव. तिन्ही वायरी एकत्र धरल्यास तर तो शून्याच्या जवळच राहील आणि तुला वाटेल मीटर बिघडला. साडेसातच्या जागी दहा दिसले, तर वायंडिंगमधली उष्णता पावणेदोनपटीच्या वर गेली, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. रावेर-यावलकडचा शेतकरी म्हणेल, रिलेचा आकडा वाढव आणि चालू करून दे, केळी सुकताहेत. त्याची घाई खरी आहे. तरीही वाढवू नकोस. मोटर जळून रिवायंडिंगला गेली, तर ती परत येईपर्यंत बागेला एक थेंब मिळणार नाही. हे त्याला शांतपणे, आकडा दाखवून सांग. तो समजून घेतो.

मोटरच्या बाबतीत आणखी एक. तिचं नुसतं व्होल्टेज गुणिले करंट केलं तर खरे वॅट येत नाहीत. त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं, थ्री फेजला वर १.७३ ने. आणि बंद कूलरच्या मोटरचं वायंडिंग मोजून समज ४० ओहम आले, तर २३० ला ४० ने भागून पावणेसहा अँपिअर काढत बसू नकोस. एसी करंटला वायंडिंगच्या ओहमशिवाय त्याच्या चुंबकाचाही अडथळा असतो, प्रत्यक्षात करंट त्याहून फार कमी असतो. शंभरच्या जुन्या बल्बचंही तसंच: पेटलेला असताना ५२९ ओहम, थंड मोजलास तर चाळीसच्या आसपास. ओहम मोजताना सप्लाय बंद हवा, हे वेगळं सांगत नाही.

आता वायर. मालक म्हणेल, दीडची चालून जाईल. ३० मीटर लांब दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. उन्हाळ्यात तिचे ओहम साधारण ०.८ होतात, कारण तांबं तापलं की दर अंशाला जवळपास ०.४ टक्के अडथळा वाढतो. दहा अँपिअरला आठ व्होल्ट वाटेतच गेले, ८० वॅट भिंतीत मुरले. ठिबकची नळी लांबली की शेवटच्या झाडाला दाब कमी मिळतो, तसंच हे. अडीचची ओढलीस तर पाचच व्होल्ट जातात.

पण वायरीपेक्षा सांध्याला भी. सॉकेटचा स्क्रू ढिला राहिला आणि तिथे फक्त अर्धा ओहम आला, तरी दहा अँपिअरला १० गुणिले १० गुणिले ०.५, म्हणजे ५० वॅट. पंचवीस वॅटची दोन सोल्डरिंग आयर्नं त्या प्लॅस्टिकच्या डबीत पेटवून ठेवल्यासारखीच. एमसीबी याला पडत नाही, करंट तर नेहमीचाच असतो. म्हणून सॉकेटभोवती पिवळट डाग दिसला, वितळल्याचा वास आला, तर आधी मेन बंद कर, मग उघड. दोन हजारांचा गिझर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो, तो सहाच्या सॉकेटवर कुणी लावला असेल तर पैसे मिळोत न मिळोत, सोळाचं बसवल्याशिवाय निघू नकोस.

शेवटी तुझ्या स्वतःच्या अंगाचे ओहम. घामाने भिजलेलं अंग हजार ओहमपर्यंत उतरू शकतं. २३० भागिले हजार, म्हणजे ०.२३ अँपिअर. माणूस जायला याच्या निम्म्याहून कमी पुरतो. घरांत बसवायचा ईएलसीबी ३० मिलिअँपिअरचा घे, आणि बसवलास की घरातल्या एकाला बोलावून त्याच्या हाताने टेस्टचं बटण दाबून घे. दर महिन्याला दाबायला सांग. बटण दाबून लाइट गेली नाही, तर तो त्याच दिवशी बदलायचा.