सर्व्हर कशाची वाट पाहतो आहे?

चि. सोनू,


ग्रंथालयाचा जुना डेटा नव्या सर्व्हरवर चढवायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी म्हणजे त्या गावानं काय काय वाचलं याचा हिशोबच आहे. तो धडपणे पोचला पाहिजे. तू लिहितेस की देवघेवीचं चाळीसेक लाख नोंदींचं टेबल रात्रभर चालूनही अर्ध्यावर आलं नाही, आणि आता इंटरनेटवर सापडलेल्या दहा-बारा सेटिंग्ज एका दमात बदलून पाहणार आहेस. अगं, तेवढं मात्र करू नकोस. त्यातल्या एखादीनं काम होईलही, पण कुठलीनं झालं ते कळणार नाही, आणि बाकीच्या तशाच राहून सहा महिन्यांनी कुणाच्या तरी गळ्यात पडतील.

आधी एकच प्रश्न विचार: सर्व्हर आत्ता कशाची वाट पाहतो आहे? सीपीयूची, डिस्कची, रॅमची, की दुसऱ्या कुणी धरून ठेवलेल्या लॉकची? इम्पोर्ट चालू असतानाच दुसरी टर्मिनल उघड. एकीत 'टॉप' लाव, दुसरीत 'आयओस्टॅट' दर दोन सेकंदांनी, आणि मायएसक्यूएलमध्ये शिरून 'शो प्रोसेसलिस्ट' पुन्हा पुन्हा मार. तुझ्या वर्णनावरून मला वाटतं ते असं: सीपीयू जवळजवळ रिकामा, डिस्क शंभर टक्के गुंतलेली, पण सेकंदाला लिहिले जाणारे किलोबाइट अगदी मामुली. आणि प्रोसेसलिस्टमध्ये तुझ्या कनेक्शनसमोर कमिटची वाट पाहत असल्याचं वाक्य. तसं दिसलं तर दुखणं सापडलं. त्याऐवजी मेटाडेटा लॉकची वाट पाहतो असं दिसलं, तर कुठल्या तरी खिडकीत कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडी टाकून जेवायला गेलं आहे; ती बंद कर, सेटिंगला हातही लावू नकोस.

आता ते कमिटचं नीट समजून घे, कारण तुझी रात्र तिथेच गेली आहे. तुझी फाइल 'हेड' कमांडनं उघडून वरच्या वीस ओळी बघ. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र 'इन्सर्ट' दिसेल. मायएसक्यूएलडंप नेहमीप्रमाणे चालवला तर एकेका इन्सर्टमध्ये शेकडो नोंदी गुंफतो. तुमच्याकडे बहुधा कुणीतरी तो पर्याय बंद केला, नाहीतर दुसऱ्याच टूलनं एक्सपोर्ट काढला. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं. म्हणजे प्रत्येक नोंद हे एक पूर्ण ट्रान्झॅक्शन, आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या शेवटी सर्व्हर डिस्कला सांगतो की लॉग खरोखर प्लॅटरवर उतरव आणि मग मला कळव. तोवर तो पुढची नोंद घेतच नाही.

मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. त्यामुळे असं खरंखुरं लिहिणं तिच्याकडून सेकंदाला शंभरेक वेळाच होतं. शिवाय आवृत्ती ८.० पासून बायनरी लॉग आपोआप चालू असतो आणि तोही दर कमिटला डिस्कवर उतरवला जातो. म्हणजे एका नोंदीला निदान दोनदा थांबायचं. सेकंदाला पन्नास नोंदी धर: चाळीस लाखांना ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांच्या वर. रात्रभरात अर्ध्यावर न येणं या हिशोबात चपखल बसतं. तुझं मशीन मंद नाही आणि मायएसक्यूएलही मंद नाही. आपण त्याला चाळीस लाख वेळा थांबायला सांगितलं आहे.

उपाय त्या कारणातूनच निघतो. ऑटोकमिट बंद कर आणि दर पाच-दहा हजार नोंदींनंतर एक कमिट टाक; जमलं तर जुन्या सर्व्हरवरून बहुनोंदी इन्सर्टचा डंप नव्यानं काढ. सगळ्या चाळीस लाखांचं एकच ट्रान्झॅक्शन मात्र करू नकोस. मधेच काही बिनसलं तर तेवढं सगळं मागे घ्यायला सर्व्हरला प्रचंड वेळ लागतो, आणि घाबरून त्याला मारून पुन्हा सुरू केलंस तरी तो उठल्यावर तेच मागे घेण्याचं काम पुरं करत बसतो. 'लोड डेटा'नं सीएसव्ही चढवणार असलीस तरी हेच लक्षात ठेव. तो इन्सर्टपेक्षा कितीतरी वेगवान आहे, पण एक फाइल म्हणजे एक ट्रान्झॅक्शन. म्हणून फाइलचे तुकडे कर.

इतकं झालं की थांब आणि पुन्हा मोज. पुढचा अडथळा आता वेगळा असेल. त्याची वाट मला आधीच दिसते आहे: इंडेक्स. देवघेवीच्या टेबलावर सभासद, पुस्तक आणि तारीख असे तीन दुय्यम इंडेक्स आहेत म्हणालीस. प्रत्येक नोंदीबरोबर त्या तिन्हींमध्ये आपापली जागा शोधून भर घालावी लागते. नवीन पुस्तकांचं पोतं आलं की प्रत्येक पुस्तक बाहेर काढताच त्याचं कार्ड तालिकेच्या खणात नेऊन लावणं आणि सगळी कार्डं आधी लिहून, एकदाच क्रम लावून खणात भरणं, यातला फरक तुमच्या ग्रंथपालबाई तुला माझ्यापेक्षा चांगला सांगतील. प्रायमरी की राहू दे, डेटा तिच्याच क्रमानं चढव. दुय्यम इंडेक्स आणि त्यांच्यावर टेकलेल्या फॉरेन की आधी काढ, आणि शेवटी एकाच 'ऑल्टर टेबल'मध्ये परत घाल. डंप फाइलमध्ये 'डिसेबल कीज' अशी ओळ दिसते, म्हणून हे आपोआप होतंय असं समजू नकोस. ती ओळ मायआयसॅम या जुन्या इंजिनसाठी आहे. इनोडीबीवर तिचा काहीही परिणाम होत नाही.

मेमरीचंही बघ. इनोडीबीचा बफर पूल मुळात फक्त १२८ एमबी असतो, मशीनमध्ये रॅम कितीही असो. तुमच्या १६ जीबीच्या मशीनवर दुसरं काही चालत नसेल तर आठ-दहा जीबी खुशाल दे. रीडू लॉगची क्षमता ८.०.३० पासून मुळात १०० एमबी आहे, तीही एक-दोन जीबी कर. मात्र कॉन्फिग फाइल बदलून सर्व्हर रीस्टार्ट केला म्हणजे झालं असं धरून चालू नकोस. 'शो व्हेरिएबल्स' मारून आकडा खरोखर बदलला का ते बघ. एकापेक्षा जास्त कॉन्फिग फाइल असतात, नंतर वाचलेली आधीचीवर मात करते, आणि कुणालाही लिहिता येईल अशी परवानगी असलेली फाइल सर्व्हर सरळ दुर्लक्षितो. सेटिंग लागलंच नाही आणि खापर सेटिंगवर फुटलं, हे मी नव्या मुलामुलींच्या बाबतीत फार वेळा पाहिलं आहे.

वेगासाठी तू निवडलेल्या सेटिंग्जमध्ये दोन अशा आहेत की त्यांच्याबद्दल मला स्वच्छ बोलायचं आहे. कमिटला लॉग डिस्कवर न उतरवता सेकंदाला एकदा उतरवायचा, ही पहिली. तिची किंमत अशी की वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. इम्पोर्टच्या वेळी ते चालेल. फाइल हाताशी आहे, पुन्हा चढवू. पण काउंटरवर देवघेव सुरू होण्याआधी ती मूळ किमतीवर, म्हणजे १ वर, आलीच पाहिजे. एका वाचकानं पुस्तक परत केलं, वीज गेली आणि नोंदच उरली नाही, तर दंड त्याला बसेल. दुसरी फॉरेन की तपासणी बंद करण्याची. ती पुन्हा चालू केली तरी मधल्या काळात घुसलेल्या नोंदी सर्व्हर मागे वळून तपासत नाही. म्हणून ज्या देवघेवीच्या नोंदींना सभासदच नाही किंवा पुस्तकच नाही, त्या 'लेफ्ट जॉइन' लावून तू स्वतः शोध, आणि संख्या शून्य येईपर्यंत काम संपलं म्हणू नकोस.

जोडणीच्या अडचणी त्यामानानं सोप्या. उबंटूवर रूटला १६९८ ची एरर येते, कारण तिथे रूट पासवर्डनं नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओळखीनं आत जातो. 'सुडो' लावून शिर आणि कामासाठी वेगळा युजर कर. 'लोकलहोस्ट' म्हटलं की सॉकेट आणि १२७.०.०.१ म्हटलं की नेटवर्क, हे ध्यानात असलं की २००२ ची एरर घाबरवत नाही. लोड डेटाला १२९० आली तर सर्व्हरनं ठरवून दिलेल्या फोल्डरमध्येच फाइल ठेव. डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलंस आणि मालकी बरोबर असूनही परवानगी नाकारली गेली, तर ॲपआर्मरच्या यादीत नवा पत्ता घालायचा राहिला आहे.

एक गोष्ट मात्र डेटा चढवण्याआधीच ठरव. जुना सर्व्हर विंडोजवर होता, तिथे टेबलाच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच. लिनक्सवर तसं नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये हा फरक धरायचा की नाही याचं सेटिंग सर्व्हरचं डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होतानाच देता येतं, नंतर नाही. जुन्या प्रोग्रॅमच्या क्वेऱ्या तपास. नावं कशीही लिहिलेली असतील तर आत्ताच नवं फोल्डर तयार कर.

आता पुस्तकांची नावं. माझा खरा जीव तिथे अडकला आहे. जुनी टेबलं लॅटिन१ मध्ये आहेत आणि तरी प्रोग्रॅममध्ये मराठी नीट दिसतं, याचा अर्थ युनिकोडचे बाइट लॅटिनच्या नावाखाली साठवले आहेत. नेहमीचा डंप काढलास तर सर्व्हर त्यांना लॅटिन समजून पुन्हा रूपांतर करेल आणि सगळी नावं अगम्य होतील. एक नाव 'हेक्स' करून बघ. 'क'चे बाइट ई० ए४ ९५ असायला हवेत. त्याजागी सी३ ए० नं सुरू होणारी लांब माळ दिसली तर दुहेरी रूपांतर झालंय, ते सुधारता येतं. ३एफ, ३एफ दिसलं तर ती प्रश्नचिन्हं आहेत. त्या प्रतीत अक्षर उरलेलंच नाही, मूळ सर्व्हरकडेच जावं लागेल. डंप काढताना कॅरेक्टर सेट लॅटिन१ असा स्पष्ट सांग, मग फाइलमधले उल्लेख यूटीएफ८एमबी४ करून चढव.

तसं केल्यावर काही पुस्तकांवर १३६६ ची एरर येईल, आणि तू वैतागून स्ट्रिक्ट मोड बंद करायला जाशील. करू नकोस. शीर्षकाचा कॉलम ५० चा होता. लॅटिनमध्ये तेवढे बाइट मावतात, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. सोळाएक चिन्हांतच तो भरतो आणि सतरावं मधोमध तुटतं. जुन्या सर्व्हरनं न सांगता शीर्षकं कापली, नवा तेच तुटकं चिन्ह घ्यायला नकार देतो आहे. तो नकार म्हणजे कापल्या गेलेल्या पुस्तकांची आयती यादीच आहे, पण पुरती नाही: कात्री नेमकी दोन चिन्हांच्या मध्ये पडली असेल तर एरर येत नाही. म्हणून जुन्या टेबलात ज्यांची लांबी ४८ बाइट किंवा जास्त भरते ती सगळी शीर्षकं काढ, कागदावर छाप आणि ग्रंथपालबाईंकडे जा. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचं पूर्ण नाव त्यांच्या हस्ताक्षरात असणार. दाखल क्रमांकावरून दोघी मिळून भरा. नव्या टेबलात कॉलम २५५ चा ठेव.

हे सगळं आधी प्रतीवर कर, खऱ्यावर नंतर. आणि बदल करण्याआधीचं आणि नंतरचं आयओस्टॅट मला पाठव, मी शनिवारी सकाळी मोकळी आहे. आईला माझा नमस्कार सांग, आणि रात्री इम्पोर्ट लावून जागत बसू नकोस.

तुझी,
मावशी