सभासद राहशील, पण मत राहील का?

अगं, तू पाठवलेली ती नोटीस मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. आपली व्यावसायिकांची संस्था उद्योजकांच्या असोसिएशनमध्ये विलीन होणार, ही एक ओळ वाचून तुझ्या पोटात गोळा आला, ते तुझ्या मेसेजवरूनच कळलं. ऑफिस, सासूबाईंचं औषधपाणी, लेकीची परीक्षा आणि त्यात हे. पण घाबरू नकोस. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उभा करणारी मुलगी तू, तुला ही कागदपत्रं जड नाहीत. फक्त कुठे बघायचं ते सांगते.

आधी मुळातला फरक नीट समजून घे. तुझी संस्था माणसांची आहे. तू सभासद, तुझी वरिष्ठ सभासद, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगीही सभासद, आणि प्रत्येकीला एक मत. उद्योजकांच्या असोसिएशनमध्ये सभासद असतात त्या कंपन्या, आणि बऱ्याच ठिकाणी मोठ्या कंपनीची वर्गणी मोठी आणि वजनही मोठं. खरं सांगू का, यात कोणी वाईट नाही. पण दोघांचं हित दर वेळी एक नसतं. तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडचंच घे. तो कमी व्हावा असं तुला वाटतं, तुझ्या कंपनीला वाटत नाही. एकत्र झालेली संस्था सरकारदरबारी बोलायला जाईल तेव्हा कोणाच्या बाजूने बोलेल? हा प्रश्न सभेत उभं राहून विचारायचाच.

असं याआधी झालंय बरं का. शिकागोत १९५१ मध्ये पंचकार्डांच्या यंत्रांवर हिशेब करणाऱ्यांनी नॅशनल मशीन अकाउंटंट्स असोसिएशन काढली. १९६२ मध्ये ती डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन झाली आणि १९९६ मध्ये असोसिएशन ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी प्रोफेशनल्स, म्हणजे एआयटीपी. मोठी परंपरा होती त्यांची. १९६९ मध्ये त्यांनी संगणक क्षेत्रातला 'मॅन ऑफ द इयर' पुरस्कार सुरू केला आणि पहिलाच दिला ग्रेस हॉपरबाईंना! २०१७ मध्ये ही संस्था कॉम्पटियात गेली. कॉम्पटिया म्हणजे तू नेटवर्किंगच्या क्लासमध्ये जिची ए-प्लसची परीक्षा दिलीस तीच. ती सुरू झाली १९८२ मध्ये, कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदारांची संघटना म्हणून. विलीन झाल्यावर एआयटीपी हे नाव राहिलं, छत्र मात्र कॉम्पटियाचं झालं. पुढचं बघ. २०२५ च्या सुरुवातीला कॉम्पटियाचं नाव आणि परीक्षा-प्रशिक्षणाचा सगळा व्यवसाय एच.आय.जी. कॅपिटल आणि थोमा ब्राव्हो या दोन गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतला. मागे उरलेली संघटना आता ग्लोबल टेक्नॉलॉजी इंडस्ट्री असोसिएशन या नावाने चालते. म्हणजे आठ वर्षांच्या आत त्या छत्राचंही रूप बदललं. म्हणून तू नुसतं 'आज कोणाकडे जातोय' एवढं विचारून थांबू नकोस. 'उद्या ते आणखी कोणाला द्यायचं म्हणाले तर आम्हाला विचारणार का' हेही विचार, आणि उत्तर ठरावात लिहून घे.

आता नोटिशीचं परिशिष्ट उघड. तिथे नव्या घटनेचा मसुदा आहे आणि सभासदांच्या वर्गांचा एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात वर्ग, दुसऱ्यात वर्गणी, तिसऱ्यात हक्क. बहुतेक जण वर्गणीचा आकडा बघतात, कमी झालेली दिसली की खूश होतात आणि पान उलटतात. तू तिसऱ्या रकान्यावर बोट ठेव. तुझ्यासारख्यांना 'सहयोगी सभासद' म्हटलंय, आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलंय: सभेस उपस्थित राहता येईल, मताधिकार नाही. बघ, सगळी गोम तिथे आहे. दोन चुली एक करताना कोठीची किल्ली कोणाकडे राहणार हे आधी ठरवतात ना, तसंच हे. चहापाणी, चर्चासत्रं, परीक्षेच्या फीमध्ये सवलत, हे सगळं मिळेल. पण पदाधिकारी निवडायचा आणि हिशेबाला हरकत घ्यायचा हक्क गेला, तर तू सभासद न राहता गिऱ्हाईक झालीस.

तू हतबल आहेस असं मात्र समजू नकोस. कायदा तुझ्या बाजूने बराच आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातलं कलम १२ सांगतं की विलीनीकरणाचा लेखी प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला मिळाला पाहिजे. त्या सभेत तीन पंचमांश मतं हवीत. आणि एवढ्यावर भागत नाही, एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांशांनी तो कायम करावा लागतो. म्हणजे पहिल्या सभेला सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं तरी दुसरी संधी आहे गं. शिवाय आपल्याकडे अशा संस्था धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेल्या असतात, तिकडचे सोपस्कार वेगळे.

आणखी एक गोष्ट तपास. समोरची असोसिएशन नोंदली आहे कशाखाली? ती सोसायटी असेल तर वर सांगितलेला रस्ता. पण ती कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अशी कंपनी फक्त दुसऱ्या कलम ८ च्या, सारख्याच उद्देशांच्या कंपनीशी एकत्र होऊ शकते. मग तुमची सोसायटी तिच्यात 'विलीन' होणार कशी? बहुधा तुमची संस्था विसर्जित करून मालमत्ता वळवायचा बेत असेल. तसं असलं तर तेही उघड सांगायला लाव. विसर्जनानंतर उरलेला निधी सभासदांत वाटता येत नाही, तो दुसऱ्या संस्थेलाच जातो आणि कोणत्या संस्थेला, हेही सभासदांनी तीन पंचमांश मतांनीच ठरवायचं असतं.

पैशाचं म्हणशील तर तुझी आजीव सभासदत्वाची रक्कम बुडेल का, ही तुझी खरी काळजी. ती आपोआप बुडत नाही, आपोआप टिकतही नाही. आजीव सभासदांचे हक्क नव्या संस्थेवर बंधनकारक राहतील, असं एक वाक्य ठरावात असलं की झोप लागेल. तुमच्या शाखेच्या बँक खात्याचंही तसंच. ती शिल्लक तुम्ही मैत्रिणींनी कार्यशाळा भरवून जमवली आहे, ती मुख्यालयात जाणार की शाखेकडे राहणार, विचार. आणि तुझा फोन नंबर असोसिएशनच्या कंपन्यांना देणार असतील तर आधी तुझी परवानगी घ्यायला सांग.

विरोधच कर असं मी म्हणत नाहीये. तुमची कार्यकारिणी दमली आहे, ते मी जवळून बघते. नोकरी करून रात्री वार्तापत्र लावणारी चारच माणसं उरली की संस्था आतूनच मरते. असोसिएशनकडे पगारी कर्मचारी आहेत, जागा आहे, मंत्रालयात ओळख आहे. त्यातून तुझ्यासारख्यांचं भलं होऊ शकतं. माझं मत विचारशील तर व्यावसायिकांचा वेगळा विभाग, त्याची स्वतःची निवडून आलेली समिती आणि मताधिकार, एवढं मिळालं तर हो म्हण. नाहीतर नाही म्हण आणि निश्चिंत हो.

पण त्याआधी आजच्या आज एक काम कर. रागावून राजीनामा टाकू नकोस आणि या वर्षीची वर्गणीही कोणाला अडवून ठेवू देऊ नकोस. कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर मत देता येत नाही. तू आजीव आहेस, तुझं ठीक आहे. पण तुझ्या गटातल्या वार्षिक सभासद मुलींना आत्ताच फोन लाव, वर्गणी भरायला सांग आणि पावती जपून ठेवायला सांग.