मधुमेहींची बाजारहाट : पिष्ट कमी, खर्चही कमी

मधुमेह झाला की पथ्य आले आणि पथ्य आले की खर्च वाढला, अशी आपल्याकडे समजूत आहे. रक्तातील साखर वाढल्याचा रिपोर्ट हाती पडला की घरातील कोणीतरी नाशिकला जाते आणि मोठ्या दुकानातून 'डायबेटिक' बिस्किटे, 'शुगर फ्री' चिवडा, ओट्सचे डबे, बदाम, विशेष आटा असे हजार-दीड हजारांचे सामान घेऊन येते. महिनाभर हे चालते. पुढच्या महिन्यात कांद्याचा भाव पडतो किंवा मुलाची फी भरायची असते, आणि पथ्य बंद होते. साखर पुन्हा चढते. पथ्य परवडत नाही म्हणून सोडणारे रुग्ण, पथ्य आवडत नाही म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत. म्हणून या आठवड्यात औषधांविषयी थोडे आणि पिशवीविषयी जास्त बोलू.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीवर आधारलेला आहाराविषयीचा अभ्यास २०२५ साली आला. आपल्या रोजच्या अन्नातील शंभरपैकी सुमारे ६२ उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे पिष्ट आणि साखरेतून येतात, असे त्यात दिसले. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ आहे. त्यातील दुसरा निष्कर्ष आपल्या अधिक उपयोगाचा आहे. पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ तितकेच खाल्ले तर धोका कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदके कमी करून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूध-दही यांची प्रथिने घेतली, तेव्हा मात्र तो कमी दिसला. सारांश असा की, धान्य बदलणे पुरेसे नाही. धान्य कमी करावे लागते.

ताटाचा हिशेब

तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ती साधारण ६० ते ७० ग्रॅम असतात. या धान्यांत चोथा अधिक असल्याने साखर थोडी सावकाश चढते, एवढाच त्यांचा फायदा. आपल्याकडे एका भाकरीला साधारण ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एका भाकरीतून ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातात. जेवताना तीन भाकरी आणि वर भात खाल्ला तर एका वेळची बेरीज १५० च्या घरात जाते. "डॉक्टर, मी गोड खातच नाही, मग साखर का वाढते?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

याऐवजी एक भाकरी, वाटीभर दाट वरण किंवा मटकीची उसळ, दोन वाट्या भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक असे ताट घेतले, तर हीच बेरीज ६५ ते ७० वर येते. पोट तितकेच भरते. भाकरी बंद करायला कोणी सांगत नाही. तिसरीची जागा उसळीला आणि भाताची जागा भाजीला द्यायची आहे.

आठवडे बाजारात

निफाड तालुक्यात राहणाऱ्याला भाजीसाठी सुपर मार्केटची गरज नाही. गोदाकाठच्या गावांतून येणारी ताजी भाजी आपल्या बाजारात मिळते. मेथी, शेपू, पालक, तांदुळजा, अंबाडी, मुळ्याचा पाला, कांद्याची पात या पालेभाज्यांत. तसेच दुधी, दोडका, गिलके, वांगी, कोबी, फ्लॉवर, भेंडी, गवार, कारले, टोमॅटो, काकडी यांत कर्बोदके कमी असतात. या भाज्या भरपूर खाव्यात. बटाटा, रताळे, सुरण मात्र धान्याच्या खात्यात मोजावेत. बटाट्याची भाजी आणि भाकरी म्हणजे पिष्टाबरोबर पिष्टच.

बाजार उठायच्या वेळी पालेभाजीचे वाटे स्वस्त लागतात, हे गृहिणींना सांगायला नको. त्या वेळी चार जुड्या घ्याव्यात, घरी येताच निवडाव्यात, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि शिजवताना धुवाव्यात. महाग असेल ती भाजी त्या आठवड्यात सोडावी. कारल्यावाचून साखर उतरत नाही असे नाही. स्वस्त मिळाला तर दुधीही चांगला.

फळांच्या बाबतीत आपल्या तालुक्याची अडचण वेगळी आहे. द्राक्षाच्या हंगामात घरोघरी क्रेट असतात आणि येता-जाता मणी तोंडात जातात. द्राक्षे घरच्या बागेची असली म्हणून त्यांतली साखर कमी होत नाही. पंधरा मण्यांत साधारण १० ते १२ ग्रॅम साखर असते. एवढे वाटीत मोजून घ्यावेत आणि वाटी संपली की थांबावे. बेदाणे ही तर आटवलेली साखरच. मूठभर बेदाण्यांत २० ग्रॅमहून अधिक साखर जाते. उसाच्या रसाच्या पेल्यात ती ३० ग्रॅमच्या आसपास असते. रस टाळावा. फळ हवे असेल तर पेरू बरा.

किराणा आणि प्रथिने

खरा खर्च इथे होतो आणि खरी बचतही इथेच होते. दहा ग्रॅम प्रथिनांसाठी किती पैसे मोजावे लागतात, एवढे एकच गणित शिकावे. भाव दर आठवड्याला बदलतात, म्हणून पुढील भाव केवळ हिशेबापुरते धरले आहेत. आपल्या दुकानातला भाव घालून गणित पुन्हा करावे.

सोयाबीन वडी १४० रुपये किलो धरली, तर दहा ग्रॅम प्रथिने सुमारे ३ रुपयांत पडतात. हरभरा डाळ ९० रुपये किलो असेल तर ४ ते ५ रुपयांत. शेंगदाणे १४० रुपये किलो असतील तर ६ रुपयांत. अंडे ७ रुपयांचे असेल तर सुमारे १२ रुपयांत. दूध ६० रुपये लिटर असेल तर १८ रुपयांत. पनीर ४०० रुपये किलो असेल तर २२ रुपयांत आणि बदाम ९०० रुपये किलो असतील तर ४५ रुपयांच्या आसपास. चाळीस रुपयांच्या 'डायबेटिक' बिस्किटांच्या पुड्यात जेमतेम सात ग्रॅम प्रथिने असतील, तर दहा ग्रॅमला ५७ रुपये पडले, आणि त्यांच्याबरोबर पिष्ट आले ते वेगळेच.

डाळी-कडधान्यांत कर्बोदकेही असतात हे विसरू नये. वजनाच्या निम्मी किंवा थोडी अधिक. म्हणून डाळ भाकरीच्या जागी वाढवावी, भाकरीच्या वर नव्हे. अंड्यात कर्बोदके जवळजवळ नसतात आणि प्रथिने सहा ग्रॅम असतात. खाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. शेंगदाणे चांगले, पण त्यांत तेल भरपूर असते, म्हणून दिवसाला एक लहान मूठ पुरे. मटकी, मूग, हुलगे भिजवून मोड आणावेत. मिसळ आवडत असेल तर घरची उसळ, वर कांदा-कोथिंबीर घेऊन खावी. फरसाण आणि पाव वगळावेत.

रेशनवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. गहू-तांदूळ घरात आला की पोटाची काळजी मिटते, पण ताट पिष्टाने भरते. धान्यावर वाचलेल्या पैशांतला थोडा भाग दर महिन्याला डाळ, सोयाबीन वडी आणि शेंगदाण्यांसाठी बाजूला काढावा. दळण देताना चार किलो गव्हात एक किलो हरभरे घालावेत. पोळीतील प्रथिने थोडी वाढतात आणि पोळी लवकर पोट भरते.

सुपर मार्केटमध्ये शिरताना

आता लहान गावांतही अशी दुकाने आली आहेत. तिथे डाळी, तेल, साबण स्वस्त मिळत असतील तर अवश्य जावे. मात्र जेवून जावे, यादी करून जावे आणि ढकलगाडीऐवजी हातातली टोपली घ्यावी. डोळ्यांसमोरच्या फळीवर बहुधा महाग माल असतो. खालच्या फळीवरही नजर टाकावी. सुट्या डाळीचा आणि पुड्यातल्या डाळीचा किलोचा भाव ताडून पाहावा.

पुडा हाती आला की आधी उलटा करावा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. 'नाचणी बिस्किट' म्हणून घेतलेल्या पुड्यावर पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर ते मैद्याचे बिस्किट आहे असे समजावे. त्यानंतर १०० ग्रॅममागे कर्बोदके किती ते वाचावे. 'एका वेळच्या खाण्यात' म्हणून छापलेला लहान आकडा अनेकदा दोनच बिस्किटांचा असतो. 'शुगर फ्री' म्हणजे पिष्टमुक्त नव्हे. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या फळांच्या रसात फळाची साखर असतेच. ब्राऊन ब्रेड रंगाने तपकिरी असला तरी यादीत मैदा पहिला नाही ना, ते पाहावे. ओट्समध्येही १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. ती आपल्या ज्वारीच्याच पंक्तीतली. गूळ, मध आणि साखर यांत मधुमेहीच्या दृष्टीने फरक नगण्य आहे. उपवासाचा साबुदाणा तर बहुतांशी शुद्ध पिष्ट आहे. उपवासाला दही, ताक, काकडी आणि मोजके शेंगदाणे हे अधिक बरे.

चहाचेही पाहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोज ५० ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो. ही साखर वाचली तर एका माणसाची आठ-दहा अंडी त्यातच निघतात.

सावधगिरीचे चार शब्द

हा भाग कापून ठेवावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकाएकी भाकरी-भात निम्म्यावर आणला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत हा धोका विशेष असतो. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. अशा वेळी साखर हेच औषध असते. 'मधुमेह आहे, साखर कशी देऊ?' म्हणून थांबू नये.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या चालू असताना कर्बोदके अगदीच बंद केली किंवा उपाशी राहिले, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रिया, वाढती मुले आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण यांनी हा बदल स्वतःच्या मनाने मुळीच करू नये. दिवसभर शेतात राबणाऱ्या, अंगाने किडकिडीत आणि मधुमेह नसलेल्या माणसाने शेजाऱ्याचे पाहून भाकरी कमी करण्याचे कारण नाही.

बदल एका दिवसात करू नये. पहिल्या आठवड्यात चहातली साखर आणि बिस्किटे काढावीत. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात काढून उसळ घ्यावी. तिसऱ्या आठवड्यात एक भाकरी कमी करून भाजी दुप्पट करावी. प्रत्येक टप्प्यावर साखर तपासून गोळीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गोळी आपली आपण बंद करू नये. जेवण घरात एकत्र शिजते, म्हणून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला तपासणीच्या वेळी बरोबर आणावे. रुग्णाला सांगितलेले पथ्य दारापर्यंत टिकते, घरच्या माणसांना सांगितलेले चुलीपर्यंत पोहोचते.

पुढच्या बाजारासाठी आठवड्याची यादी (एका मधुमेही व्यक्तीसाठी)

पालेभाज्या चार जुड्या. दुधी, वांगी, कोबी, दोडका यांपैकी स्वस्त असेल त्या मिळून दोन किलो. काकडी, मुळा, टोमॅटो एक किलो. डाळी व कडधान्ये मिळून अर्धा किलो. सोयाबीन वडी १०० ग्रॅम. शेंगदाणे पाव किलो. खाणाऱ्यांसाठी अंडी सात. दह्या-ताकासाठी दूध दीड ते दोन लिटर. पेरू अर्धा किलो. ज्वारी-बाजरीचे पीठ एक किलोत भागवावे. यादीत बिस्किटाचा एकही पुडा नाही, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलेच असेल.