अवघड जागेची खाज : लाजू नका, खाजवूही नका

दवाखान्यात गर्दी असली की काही रुग्ण आपला नंबर मुद्दाम दुसऱ्याला देतात. सगळे गेले की आत येतात, दार लोटून घेतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, जरा अवघड जागेचं आहे." तोवर दोन-चार महिने उलटलेले असतात आणि मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबाही संपलेल्या असतात. वाचकहो, गुदद्वाराची खाज ही अगदी सर्वसाधारण तक्रार आहे. कारण शोधले तर ती बहुतेक वेळा साध्या उपायांनी बरी होते.

मुलांमध्ये जंत

मूल रात्री चुळबुळ करते, झोपेत मागे खाजवते, दिवसा चिडचिड करते. याचे नेहमीचे कारण म्हणजे सुतासारखे बारीक, पांढरे जंत. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. खाजवताना अंडी नखांत अडकतात, तीच बोटे तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते. शौचाच्या तपासणीत ही अंडी पुष्कळदा सापडत नाहीत. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहिले तर जंत दिसू शकतात.

"शाळेत जंताची गोळी दिली होती की!" असे आया म्हणतात. 2015 पासून ही मोहीम सुरू आहे व ती गोळी मुलांना जरूर द्यावी. पण या जंतांवर एक मात्रा पुरत नाही. गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालील मुलांबाबत तर विचारल्याशिवाय देऊच नये. नखे कापावीत, सकाळी अंघोळ घालावी, चादरी व चड्ड्या गरम पाण्यात धुवाव्यात.

मोठ्यांमध्ये

घाम, ओलावा, घट्ट नायलॉनचे कपडे, वारंवार पातळ शौच, मूळव्याध, भगंदरातून येणारा स्राव, खरूज, गजकर्ण आणि मधुमेह ही प्रमुख कारणे. काहींना तिखट, चहा, कॉफी यांनीही त्रास वाढतो. आणखी एक कारण ऐकून लोक चकित होतात, ते म्हणजे अति स्वच्छता!

एक दुकानदार गृहस्थ माझ्याकडे आले. दिवसभर गादीवर बैठक. खाज म्हणजे घाण, असे समजून ते दिवसातून चार वेळा साबण घासत, वर जंतुनाशक लावत. सहा महिने स्टेरॉइडची ट्यूब चालू होती. लावली की बरे वाटे, सोडली की दुप्पट खाज. तपासले तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली आणि गजकर्ण मांडीपर्यंत पसरलेले. रक्तातील साखर पाहिली, तीही वाढलेली निघाली. साबण व ट्यूब बंद केली, गजकर्णाचे योग्य औषध दिले, साखर आटोक्यात आणली. दीड-दोन महिन्यांत गृहस्थ शांत झोपू लागले. लाजेपायी आणखी वर्षभर थांबले असते, तर मधुमेहही तसाच लपून राहिला असता.

घरी काय करावे?

१. शौचानंतर फक्त साध्या पाण्याने धुवावे. साबण, जंतुनाशक, अत्तर लावू नये.
२. मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये.
३. सैल सुती कपडे वापरावेत. घामाने ओले झाल्यास बदलावेत.
४. भाजी, फळे, पाणी भरपूर घ्यावे म्हणजे शौचास कुंथावे लागत नाही.
५. नखे कापावीत. खाजवल्याने जखम होते आणि जखमेने खाज वाढते.
६. डॉक्टरांना न विचारता कोणतीही ट्यूब लावू नये.

थांबू नका

दोन-तीन आठवड्यांत आराम न पडल्यास दाखवावे. शौचावाटे रक्त, गाठ, पू, वजन घटणे किंवा शौचाच्या सवयीत बदल असेल, तर एक दिवसही थांबू नये. रक्त दिसले की "मूळव्याधच असेल" असा निकाल घरीच लावू नये. विशेषतः पंचेचाळिशीनंतर आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री करावी लागते. प्राथमिक तपासणी बोटाने होते, फार तर दोन मिनिटे लागतात. स्त्रियांनी सोबत कुणाला तरी आणावे, पण यावे. आम्हा डॉक्टरांना या जागेचे काही नवल नसते.