मागची पिशवी

एअर रायफल टेबलावर टेकवून नेम धरायचा, तर पैसे पुढच्या स्टँडवर घाला आणि मागे दस्त्याखाली हाताला येईल ते सरकवा, हा सल्ला इतक्या छातीठोकपणे दिला जातो की तो तपासून पाहायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही, आणि त्याची किंमत मोजून झाली आहे. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो. पण इथे रागापेक्षा हिशेब मोठा आहे, आणि तो शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांचाच आहे. पुढचा आधार आणि मागची पिशवी यांच्यात 70 सेंटिमीटर अंतर धरा. दस्ता 1 मिलिमीटर खाली बसला, तर 10 मीटरवरच्या कागदावर नेम 14 मिलिमीटर वर जातो. त्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे मधोमध लागणारी गोळी एका मिलिमीटरच्या बैठकीमुळे थेट पाचात जाते. पन्नास मीटरवर हाच फरक सात सेंटिमीटरचा होतो. यावर लगेच विचारलं जाईल की पुढचा आधार 1 मिलिमीटर हलला तरी गणित हेच नाही का? हेच आहे. पण पुढचा आधार हलत नाही. तो लोखंडाचा असतो, जड असतो आणि त्याच्यावर नुसतं वजन असतं. गाल, खांदा, श्वास, छातीचा ठोका हे सगळं दस्त्याच्या टोकाला येऊन भिडतं. माणूस जिथे रायफलचा नेम बिघडवतो ती जागा मागची आहे, आणि तिथेच आपण घडी केलेला टॉवेल ठेवतो.

चूक कागदावर उघड दिसते, फक्त वाचायला कुणी शिकवत नाही. पाच गोळ्या एकाखाली एक, बटणपट्टीसारख्या उभ्या रांगेत लागलेल्या असतात. आडवा फरक जवळजवळ नाही, उभा फरक 10 मिलिमीटर. असा कागद दाखवला की ठरलेली उत्तरं येतात: छर्रे बदला, रायफलचा वेग कमी-जास्त होतोय, आणि शेवटी, तुमचा खांदाच हलतो. वेगाचं उत्तर तपासून पाहू. छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने सुटला तर 10 मीटर जाईपर्यंत सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. 165 च्या वेगाने सुटला तर 18 मिलिमीटर. पाच मीटरच्या फरकाने कागदावर पडणारं अंतर एका मिलिमीटरचं. मग उरलेले नऊ कुठून आले? वारा म्हणावा तर तो मुख्यतः आडवा ढकलतो, आणि बंद खोलीत वारा नसतोच. आता उलटं मोजा: कागदावर 10 मिलिमीटर म्हणजे दस्त्याखाली 0.7 मिलिमीटर, साधारण तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जाडी. गालाचा दाब थोडा वाढला की टॉवेल तेवढा दबतो आणि गाल उचलला की तेवढाच फुगतो. संशय आला असेल त्याने रिकाम्या रायफलवर हे करून पाहावं: नेम धरावा, गाल हळूच सोडावा आणि नेम कुठे गेला ते बघावं. जागचा हलला, तर दोष खांद्याचा नाही, खालच्या वस्तूचा आहे. ही एका मिनिटाची परीक्षा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीच सांगत नाही, याचंच मला जास्त लागतं. स्टँड विकताना मागचं काहीही चालतं, आणि गोळ्या विखुरल्या की दोष घेणाऱ्याच्या अंगाचा.

मागच्या आधाराची कसोटी म्हणून एकच प्रश्न विचारावा: दाबल्यावर तो दबलेला राहतो का? उशी, फोम, टॉवेल, कापसाची गादी हे सगळं परत फुगतं, म्हणून बाद. परत न फुगणाऱ्या तीन गोष्टी आपल्याकडे सहज मिळतात: वाळू, धान्य आणि प्लास्टिकचे दाणे. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या वर भरते, तांदूळ त्याच्या निम्म्याने आणि प्लास्टिकचे दाणे त्याहून हलके. दोन लिटरची पिशवी वाळूने भरली तर तीन किलोच्या आसपास वजन होतं आणि टेबलावर ती पाय रोवून बसते. दाण्यांची पिशवी गालाच्या धक्क्यानेही सरकते. तांदळाबद्दल तर मावळात सांगायलाच नको. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली इंद्रायणी वाण दिला तो खाण्यासाठी. शिरगाव-सोमाटण्याच्या हवेत जूनमध्ये भरलेली तांदळाची पिशवी गणपतीपर्यंत सोंडे धरते, आणि लोणावळ्याकडे सरकाल तसा वास आधी येतो, सोंडे मागून. वाळूही ओल धरते, ढेप बांधते आणि मग दगडासारखी टणक होते. त्यावर उपाय एवढाच की बारीक चाळणीतून काढलेली, धुतलेली वाळू तव्यावर खडखडीत भाजून घ्यायची, आत मांजरपाटाची पिशवी शिवायची, बाहेर जीनच्या पँटचा पाय, आणि तोंड दाभणाने दुहेरी शिवायचं. रेक्झिन वापरू नका. चकचकीत दिसतं, पण दस्ता त्यावर कधी घसरतो, कधी चिकटतो, आणि दर वेळी वेगळा बसतो.

भरण्याचं प्रमाण हा मुद्दा कुणी गंभीरपणे घेत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोळ्या इथेच वाया जातात. ठासून भरलेली पिशवी म्हणजे वीट. तिच्यावर दस्ता एका रेषेवर टेकतो आणि डोलतो. अर्धी रिकामी पिशवी प्रत्येक गोळीनंतर आणखी बसत जाते. तीन-चतुर्थांश भरलेली पिशवी डाव्या मुठीत धरता येते: मूठ आवळली की दस्ता केसभर वर येतो, सैल केली की खाली. उंची जुळवायचं हे सगळ्यात बारीक यंत्र आहे आणि त्याला स्क्रू लागत नाही. पण मूठ आवळूनच नेम टिकवावा लागत असेल, तर पिशवी कमी उंचीची आहे. खाली पुस्तक नको, लाकडाची सपाट फळी घाला. दस्त्याची खालची कडही पाहून घ्या. बऱ्याच रायफलींची ती उतरती असते. दहास एक असा उतार धरला, तर रायफल पिशवीवर 5 मिलिमीटर मागेपुढे झाली की दस्ता अर्धा मिलिमीटर खालीवर होतो, आणि 10 मीटरवर 7 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून दर गोळीला दस्ता पिशवीवर त्याच जागी यायला हवा. दस्त्यावर खडूची रेघ मारा. हसतील, हसू द्या.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीला मात्र वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिच्यात छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला जड पिस्टन धावतो आणि रायफल मागेपुढे हिसका खाते. तिला पुढे कडक स्टँडवर आणि मागे जड पिशवीत जखडलं की ती गोळी भलतीकडेच टाकते, आणि हातात धरून जुळवलेला नेम टेबलावर खोटा ठरतो. अशा रायफलीच्या पुढच्या भागाखाली उघडा तळहात ठेवावा, दस्ता पिशवीवर नुसता टेकू द्यावा, दाबू नये, तिला हवी तशी उडू द्यावी. कोंडलेल्या हवेच्या रायफलीला हा त्रास नाही. तिथे जड पिशवी निर्धास्त वापरा. दोन्ही प्रकारांना एकच पिशवी सुचवणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

टेकवून मारणं ही नेमबाजीच नव्हे, हा आक्षेप हमखास येतो. एका अर्थी बरोबर आहे: दहा मीटरच्या स्पर्धेत उभं राहून, कशालाही न टेकता मारायचं असतं, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला पडून मारण्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं ते कोपर आणि पट्ट्याच्या जोरावर, पिशवीवर नाही. पण टेबलावरची पिशवी बक्षीस मिळवण्यासाठी नसतेच. रायफल आणि छर्रा किती चुकतात आणि मी किती चुकतो, या दोन हिशेबांची फारकत ती करून देते. ती फारकत न करता उभं राहून महिनोन्महिने मारणारा मुलगा स्वतःला दोष देत बसतो. शिवाय पिशवीला कमी लेखणाऱ्यांनी नियमपुस्तक उघडावं. गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली एक गुंडाळी घ्यायला परवानगी आहे, आणि तिचं माप ठरलेलं आहे: लांबी जास्तीत जास्त 25 सेंटिमीटर, व्यास 18, आणि तिला बांधून आकार द्यायचा नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक घेतलं, त्या तीन स्थितींच्या प्रकारातली पहिली स्थिती गुडघ्याचीच. एवढ्या वरच्या पातळीवर घोट्याखालची पिशवी इतकी मोजूनमापून पाहिली जाते, तर आपण दस्त्याखाली टॉवेल का कोंबायचा? आणि टेकवून मारणं नवंही नाही: मावळातल्या गडांच्या तटात जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोकं, ठेवली ती टेकवून नेम धरता यावा म्हणूनही. तिथे पुढे दगड होता आणि मागे माणसाचा खांदा. चुकायचा तो खांदाच.

दुसरा आक्षेप दस्त्याला बसवायच्या स्क्रूच्या पायाचा: तो वापरला की पिशवीच नको. काँक्रीटच्या कट्ट्यावर तो चांगला चालतो. पण घरच्या प्लायवूडच्या टेबलावर तो एका बिंदूवर टेकतो आणि फळीचा प्रत्येक कंप थेट दस्त्यात सोडतो. वाळू तो कंप गिळते. बालेवाडीच्या रेंजसारखा घट्ट कट्टा मिळणार असेल तर खुशाल घ्या. बाकी जे सगळे सांगतात तेही पाळा: कागदामागे नुसती भिंत नाही, गोळी अडवणारी जाड पेटी हवी, चष्मा हवा, आणि समोर कागदच हवा, झाडावरचा पक्षी नव्हे, 1972 चा वन्यजीव कायदा गंमत म्हणून केलेला नाही.

पावसाळा संपला की पिशवी उसवा, वाळू पुन्हा भाजा, पुन्हा भरा. आणि पाच गोळ्यांचा प्रत्येक कागद मागच्या बाजूला तारीख, छर्रा आणि पिशवीत काय होतं ते लिहून फायलीत ठेवा. पुढच्या वेळी कुणी तुमच्या खांद्याला नावं ठेवली, की काही बोलू नका, फाइल त्याच्यासमोर ठेवा.