सणाची हस्तकला आणि घरातील लहान मुले

सण हा लहान मुलांचा पहिला वर्ग होय. ह्या वर्गाला फळा नसतो, घंटा नसते, परीक्षाही नसते. तरी तेथे शिकलेले जन्मभर पुरते. मोजणे, कापणे, चिकटविणे, वाट पाहणे, आपल्या हातचे दुसऱ्यास देणे, हे सारे धडे मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच सणाच्या तयारीत गिरवीत असते. अलीकडे मात्र हा वर्ग पुष्कळ घरांतून बंद पडत चालला आहे. कंदील बाजारातून तयार येतो, किल्ला प्लास्टरचा मिळतो, शुभेच्छा मोबाइलवरून जातात. सण होतो, पण मुलांच्या वाट्याला त्यात पाहण्यापलीकडे काही उरत नाही. न्यासाच्या ह्या महोत्सवी अंकाच्या निमित्ताने घरोघर सहज करता येतील अशा तीन-चार कृतींचा आणि त्यांमागील शिक्षणाचा विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हातांनी शिकण्याचा विचार

मुलांनी हातांनी शिकावे हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम हीच तेथील पाठ्यपुस्तके होती. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे खेड्यांतील व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती आणि ताराबाईंना ती नकोही होती. बिया, पाने, शिंपले, माती असे जे अंगणात सापडेल तेच त्यांनी शिक्षणाचे साधन केले. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी बोलाविलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ व कृती यांवर भर दिला आहे.

थोडक्यात, मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांनी जे सांगितले ते आपल्या आज्या-पणज्या सणासुदीला न सांगता करीत आल्या होत्या. तेव्हा नवे काही आणावयाचे नसून हातचे सुटू द्यावयाचे नाही, एवढाच प्रश्न आहे.

किल्ला

बेळगाव व आसपासच्या गावांत दिवाळीचा किल्ला हे मुलांचे राज्य असते. मध्यभागी दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरावे आणि वरून लाल माती लिंपावी, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. आमची सूचना एवढीच की किल्ला 'कुठला तरी' नसावा. प्रतिवर्षी एक खरा किल्ला निवडावा, त्याचा नकाशा मिळवावा आणि मगच मातीत हात घालावा.

राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी ह्या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला अशी मांडणी करावी लागेल. आणि 'माची म्हणजे काय?' हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील. सिंधुदुर्ग घेतला तर चहूकडे पाणी हवे. मग ते जिरू नये म्हणून खाली काय अंथरावे, ह्याचा विचार मुलांनाच करू द्यावा. जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. वर्षाला एक म्हटले तरी मुलाच्या तिसऱ्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत हे बारा किल्ले पुरतील!

दूरचेच किल्ले पाहिजेत असेही नाही. येळ्ळूरचा राजहंसगड आपल्या उशाशी आहे. बेळगावच्या भुईकोटात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे आणि सफा मशीदही आहे. एकाच तटाच्या आत किती जणांचा इतिहास नांदतो हे मुलांस सांगण्यासाठी निराळ्या व्याख्यानाची गरज नाही. मातीत दोन्ही वास्तू करावयास लावाव्या, म्हणजे झाले.

किल्ल्यावर हिरवळ उगविण्यास अळीव उत्तम. त्याचे बी भिजले की बुळबुळीत होऊन मातीस चिकटून राहते, त्यामुळे उतारावरूनही घरंगळत नाही. वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरावे आणि पाणी हाताने शिंपडावे, ओतू नये. बी कधी फुटले, कोंब किती वाढला, हे मोठ्या मुलांनी वहीत टिपून ठेवावे. दिवाळी संपल्यावर माती बागेत परत जावी, दगड रचून ठेवावेत आणि गोणपाट वाळवून ठेवावे. मांडलेले आवरणे हाही कृतीचाच भाग आहे.

चांदणी

आकाशकंदिलाचे प्रकार पुष्कळ. त्यांत पाच टोकांची चांदणी आम्हांस विशेष प्रिय आहे. ती दिवाळीत चालते, नाताळात आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारावर शोभते आणि ईदेला चंद्रकोरीच्या शेजारी लावता येते. एकदा शिकलेली रीत तीन सणांना उपयोगी पडते.

साहित्य असे: बांबूच्या ६० सेंटिमीटर लांबीच्या १० कामट्या, १२ सेंटिमीटरच्या ५ आधारकाड्या, दोरा, पतंगी कागद आणि खळ. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करावी. मध्ये १४ सेंटिमीटर उरतील. पाच कामट्या एकीवर एक अशा मांडाव्या की टोकाला टोक आणि खुणेला खूण मिळेल. खुणा बरोबर असतील तर चांदणी आपोआप नेमकी येते, आणि मोजमापात चुकले तर ती वाकडी होऊन चूक स्वतःच दाखविते. शिक्षकाने लाल शाईने दाखविण्याची गरज राहत नाही. कामट्या एक वरून, एक खालून अशा गुंफाव्या आणि पाच टोके व आतील पाच छेद दोऱ्याने बांधावेत.

अशाच दोन चांदण्या झाल्या की त्या एकमेकींवर ठेवून त्यांची पाचही टोके बांधावी. नंतर आतील पाच छेदांच्या जागी दोहोंच्या मध्ये आधारकाड्या बसवून बांधाव्या; चांदणीस पोट येते. मग कागद. प्रत्येक टोकास पुढे एक, मागे एक आणि बाजूंना दोन, असे चार त्रिकोण लागतात. पाच टोकांचे वीस. मधले दोन पंचकोन मिळून बावीस तुकडे. त्यांतील मागील पंचकोन दिवा आत सोडण्यासाठी मोकळा ठेवावा, म्हणजे प्रत्यक्षात एकवीसच डकवावयाचे. हा हिशेब मुलांकडून आधी करवून घ्यावा आणि मगच कागद कापावा.

खळीसाठी एक वाटी मैदा चार वाट्या थंड पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळावा. पूर्वी खळीत किडीसाठी मोरचूद घालीत. ते विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातात, म्हणून घरच्या खळीत ते कदापि घालू नये. खळ लागेल तेवढीच करावी; दोन दिवसांत ती संपवावी. कंदिलात मेणबत्ती न ठेवता कमी वॅटचा एलईडी दिवा सोडावा. कागदास त्याची धग लागत नाही.

कामाची वाटणीही वयाप्रमाणे व्हावी. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी झिरमिळ्यांसाठी कागद फाडावा व खळ लावावी. सहा ते आठ वर्षांच्यांनी बोथट कात्रीने कापावे आणि खुणा कराव्या. नऊ वर्षांपुढील मुलांनी गाठी माराव्या. बांबू चिरणे व कामट्या तासणे हे मोठ्यांचेच काम. मुलांच्या हाती देण्यापूर्वी कामट्यांवरून काचकागद फिरवावा, नाहीतर कुसळे जातात. घरात आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. कामटी तासता तासता ते ज्या गोष्टी सांगतील त्या दुसऱ्या कोणाकडून मिळणार नाहीत. बांबू, कागद आणि खळ यांचे हेच कसब मोहरमचे ताबूत बांधणाऱ्यांच्या हातांतही असते. तो प्रसंग शोकाचा, त्याचा भाव निराळा. पण हाताची विद्या एकच.

ईदीचे पाकीट व चंद्राची वही

ईदेच्या दिवशी मोठी माणसे मुलांना ईदी देतात. ती ज्या पाकिटात द्यावयाची ते मुलांनीच आधी करून ठेवावे, असा आमच्या घरांत परिपाठ आहे. १५ सेंटिमीटरचा चौरस कागद घ्यावा, चारही कोपरे मध्यबिंदूवर दुमडावेत, तिहींना खळ लावावी आणि चौथा झाकण म्हणून मोकळा ठेवावा. सुमारे साडेदहा सेंटिमीटरचे चौरस पाकीट होते; दुमडलेली नोट त्यात सहज मावते. कोपरे आत घेतले की चौरसाचे क्षेत्रफळ बरोबर निम्मे होते, ही गोष्ट मोठ्या मुलांना कागद उलगडून दाखवावी. हेच पाकीट भाऊबीजेच्या ओवाळणीसही चालते.

पाकिटाबरोबर चंद्राची वही करावी. कागदाच्या तीस चौकटी आखाव्या आणि रोज संध्याकाळी चंद्र दिसेल तसा काढावा. न दिसल्यास चौकट काळी करावी. महिन्याभरात मुलास कळते की दिवाळीची रात्र अमावास्येची आणि ईद पहिल्या चंद्रकोरीनंतरची. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. हिंदू पंचांगात अधिक मास धरल्यामुळे दिवाळी मात्र आपल्या ऋतूत राहते. म्हणून कधी कधी दोहोंची गाठ पडते. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी दिवाळी होऊन आठवडा लोटण्याच्या आत रमजान ईद आली होती. साधारण तेहतीस वर्षांनी हे चक्र फिरते, म्हणजे २०३७ च्या सुमारास असा योग पुन्हा येईल. आज जी मुले खळीत हात बुडवीत आहेत ती तोवर आपापल्या मुलांना कंदील शिकवीत असतील.

शब्दांची राखण

आता मुख्य मुद्दा. आपण सीमाभागात राहतो. येथील मुलांच्या कानांवर शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कानडी, घरात मराठी आणि आमच्यासारख्यांच्या घरी दखनी उर्दूही पडते. हे वैभवच आहे. त्याची तक्रार नाही. परंतु घरातली भाषा केवळ 'जेवलास का' आणि 'अभ्यास कर' एवढ्यावर आली तर ती रोडावते. कामटी, खळ, झिरमिळी, बुरूज, तट, माची, टाके, दिंडी दरवाजा हे शब्द पुस्तकातून पाठ करून टिकत नाहीत. वस्तू हातात असली की शब्द जिभेवर येतो, आणि वस्तू गेली की शब्दही मागोमाग जातो. तयार कंदील विकत घेताना आपण काही तासांची मेहनत वाचवितो खरी, पण त्याबरोबर वीस-पंचवीस शब्दही गमावतो. सीमाभागातील मराठी घरास ही गोष्ट परवडणारी नाही.

म्हणून पालकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. एक, कृती चालू असता मुलाचे काम हिसकावून सुबक करू नये. वाकडी चांदणी दारावर लागली तरी तिचा उजेड सरळच पडतो. दोन, साधनांची नावे घरच्या भाषेत मोठ्याने घ्यावी. तीन, शेजारच्या घरातील मुलांस हाताखाली घ्यावे, मग सण कोणाचाही असो. चार, बक्षिसांचा मोह आवरावा. बक्षीस ठेवले की काम वडील करतात आणि मूल बाजूस उभे राहते.

न्यासाचे कार्यकर्ते अनेक उपक्रम हाती घेतात. दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी न्यासाच्या सभागृहात बांबू, माती, कागद आणि खळ एवढे मांडून ठेवावे आणि सर्व घरांतील आजी-आजोबांस व मुलांस बोलवावे, अशी आमची विनंती आहे. खर्च थोडा, पण त्यातून मिळणारे मोठे आहे. महोत्सवानिमित्त संस्थेच्या इमारतीवर विजेचे दिवे लागतीलच. त्यांच्या ओळीत मुलांच्या हातची एक चांदणीही असावी.